मी पालक न्हाय म्हणे

आमची वस्ती कळस गावाच्या अलीकडं, फाट्यापासून बरीच आत. नातीच्या शाळेची बस बारामतीच्या बाजूनं यायची, पोरीला फाट्यावर उतरवायची आणि निघून जायची. तिथनं वस्तीपर्यंतचा रस्ता जेमतेम एका बैलगाडीचा. त्यात ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, आणि त्यांच्या टेपची बोंब. ड्रायव्हरला हाक मारली तर ऐकू जात नाही. पोर तिसरीतली, दप्तर तिच्याहून मोठं. सकाळ-संध्याकाळ मीच न्यायला-आणायला जायचो. गुडघे बोलायला लागले होते, पण ते मी घरात सांगितलं नाही.

शाळेत गेलो. ऑफिसातली मॅडम म्हणाली, "आजोबा, बसचा रूट मॅनेजमेंट ठरवतं. अर्ज द्या." अर्ज दिला. महिन्यानं गेलो तर तीच मॅडम, तेच उत्तर, फक्त अर्ज सापडत नव्हता.

मी चौथी नापास. पण कारखान्याचा शेअर माझ्या नावावर आहे आणि भर सभेत उभं राहून मी चेअरमनला प्रश्न विचारलेत. एकट्याला कुणी दारात उभं करत नाही, सभासदाचं ऐकावं लागतं. म्हणून शाळेच्या गेटवर एकेकाला गाठलं आणि पालकांचा संघ काढायला लावला.

पहिली बैठक शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी सांगून टाकलं, "वर्षाला पाचशे वर्गणी. फुकटात जमलेली माणसं चहा पिऊन जात्यात. आन ज्यानं भरले न्हाईत त्यानं बैठकीत तोंड उघडायचं न्हाय." हा नियम माझा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मूळचा वडगाव निंबाळकरचा, आता बारामतीत दुकान असलेला मेडिकलवाला खजिनदार झाला.

माना डोलवायला काय जातंय? पैसे काढायची वेळ आली तेव्हा एक जण म्हणाला, "आबा, माझ्या दूध बिलातनं कापून घ्या की."

"अरं, शाळा काय डेअरी हाय का?"

"मग उसाच्या बिलातनं कापा."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडच्या माणसानं जन्मात हातानं वर्गणी दिलेली नाही. सोसायटीचा हप्ता, पाणीपट्टी, कारखान्याची ठेव, सगळं परस्पर कापून उरेल ते हातात येतं. एकदा हातात आलेली नोट परत बाहेर काढायची म्हणजे जिवावर येतं. दारोदार फिरून मी ती काढायला लावली. त्या दूध बिलवाल्याच्या घरी तर तीनदा चहा पिऊन मोकळ्या हातानं परत आलो, चौथ्यांदा कसंबसं मिळालं.

माझी वर्गणी मात्र सगळ्यांच्या आधी. पावती नंबर एक. शेअरच्या कागदाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली.

आणि मग शाळेनं कळवलं की रजिस्टरला नाव असलेला पालकच सभासद होऊ शकतो. मेडिकलवाला घरी आला. माझ्याकडं बघेना.

"आबा, तुमी पालक न्हाय."

"मी न्हाय? मग रोज फाट्यावर कोण उभं राहतंय, तुझा बाप?"

"रजिस्टरला सूनबाईंचं नाव हाय. पावतीवरचं तुमचं नाव खोडतो, त्यांचं घालतो. विषय संपला."

मुलगा चाकणला कंपनीत, म्हणून शाळेत सुनेचं नाव. ते ठीक. पण माझ्या पावतीवर खाडाखोड? "नाव खोडायचं न्हाय," मी म्हटलं.

"मग त्यांचे वेगळे पाचशे भरा."

"एका घरानं दोनदा? एक रुपया देणार न्हाय."

सून म्हणाली, "मामा, खोडू द्या की. काय फरक पडतोय?"

"तुला न्हाय कळायचं," मी म्हटलं. ती बारावी झालेली आहे, पण ते वेगळं.

पुढच्या बैठकीला संस्थेचे अध्यक्ष आले. वर्षभराचे रूट त्याच दिवशी पक्के व्हायचे होते. रूटचा विषय निघाला तशी सून उभी राहिली. मागनं तो दूध बिलवाला ओरडला, "वहिनी, वर्गणी भरली का? आबांचाच नियम हाय!"

सगळं शेड हसलं. सून खाली बसली. मी उठलो आणि पावती काढून वर धरली. मुख्याध्यापक गोड आवाजात म्हणाले, "आजोबा, आपण पालक नाही. बसून घ्या." मी बसलो नाही. पण बोलूही देईनात. घरात एक पैसे भरलेला, एक पालक, आणि दोघांचीही तोंडं बंद. अध्यक्ष पुढच्या गावाचं नाव वाचायला लागले.

तेवढ्यात सुनेनं मोबाईल काढला, मेडिकलवाल्याच्या मोबाईलवरचा पैसे घ्यायचा तो चौकोन टिपला, आणि त्याच्या फोननं सगळ्यांदेखत पैसे आल्याचं सांगितलं.

"आता बोलू का?" ती म्हणाली. "बस आमच्या वस्तीवर नाही आली तरी चालेल. कालव्याच्या चारीपाशी वळण आहे, तिथवर आत आणा. तिथं गाडी वळती, मी बघितलंय. आजूबाजूच्या वस्त्यांवरची पोरं तिथं येतील, ट्रॅक्टरच्या रस्त्यानं कुणाला चालायला नको."

अध्यक्षांनी बसच्या ड्रायव्हरला बोलावून विचारलं. तो म्हणाला, वळती. झालं, लिहून घेतलं.

घरी येताना मी विचारलं, "वस्तीच का न्हाय मागितली?"

"आपल्या एकट्या पोरीसाठी कोण बस वस्तीवर आणतंय, मामा?"

"आन ते पाचशे?"

"माझी शेळी विकली तेव्हाचे."

दोन दिवसांनी मेडिकलवाला माझे पाचशे परत घेऊन आला. मी घेतले नाहीत. परत घेतले म्हणजे मी सभासद नव्हतोच असं होतं. मग त्यांनी मला संघाचा निमंत्रित सदस्य केलं. निमंत्रिताला बोलता येतं का, असं विचारलं तर म्हणाला, "कुणी विचारलं तर बोलायचं, आबा." तेव्हापासून एकाही बैठकीत कुणी विचारलेलं नाही. सून पुढच्या खुर्चीवर असते.

चारीचं वळण वस्तीपासून हाकेवर. नात म्हणते, मी एकटी येते. मी तरी जातो. बस मागं घेताना चारीच्या कडेला उभं राहून ड्रायव्हरला हात करतो, "घे, घे, आजून घे."

"आजोबा, मला आरशात दिसतंय," तो वैतागून म्हणतो.

दिसत असेल. मी हात करायचा थांबत नाही.