विमानाचे कागद भरणाऱ्या बाई

माझी द्राक्षं पहिल्यांदाच विमानानं परदेशी निघाली, तेव्हा तासगावात त्यांचे कागद भरून देणाऱ्या एक बाई भेटल्या. चष्मा नाकाच्या टोकावर आणून, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत त्या पुटपुटत वाचत होत्या. बाहेर मुंबईला जाणारी गाडी माल भरून उभी होती आणि मी घायकुतीला आलो होतो.

"बाई, जरा उरका की," मी म्हणालो.

त्यांचं बोट थांबलं. बिलावर दुबई होतं, पण पोचायच्या शहराच्या रकान्यासाठी मी चुकून दोहा लिहून दिलं होतं.

"दादा, तुमची द्राक्षं तिथं उतरून कुणाला पत्ता इचारणार न्हाईत," त्या शांतपणे म्हणाल्या आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या.

मी स्टूल ओढून बसलो.

माल दुबईला नीट पोचला. मोठ्या आनंदानं त्यांना फोन केला, तर म्हणाल्या, "पोचणारच की. मी वाचलं हुतं न्हवं?"