भांडलेला मासा

गळ टाकून बसायचा छंद मला जुना आहे. मासा मात्र कधी लागला नव्हता. त्या सकाळी समुद्र गेरू कालवल्यासारखा तांबडा होता आणि मासे आपणहून काठाशी येत होते. मी ते हातानेच उचलले आणि पिशवी मिरवत घरी निघालो.

शेजारची काशीबाई कोळीण वाटेत आडवी आली. "मास्तर, भांडले का मासे?"

"छे, अगदी शहाण्यासारखे आले."

"शेवाळाने पाणी विषारी झालंय. मरायला आलेत ते. आमच्या होड्या आठ दिवस काय शोभेला काढून ठेवल्यात?" तिने मला ते सगळे वाळूत पुरायला लावले.

खड्डा खणताना वाटलं, आयुष्यात जे न झगडता हाती आलं, त्याचीच मी सर्वांत जास्त फुशारकी मारली.

पुढे पाणी निवळलं. एका सकाळी गळाला असा हिसका बसला की मी गुडघाभर पाण्यात आडवा झालो. मासा वीतभरही नव्हता, पण माझं बोट फाडूनच वर आला. नखशिखांत भिजलेला मी दिग्विजय करून आल्यासारखा काशीबाईसमोर उभा राहिलो. तिने आधी बोटाच्या रक्ताकडे पाहिलं, मग निळ्या पाण्याकडे.

"भांडला?"

"भांडला."

ती वळून नवऱ्याला म्हणाली, "होडी लोटा."