शिंगाड्यांची अर्धी गोष्ट

आधीच सांगते, मी सायकोथेरपिस्ट आहे. साकोलीत माझं छोटंसं क्लिनिक आहे. 'भास' हा शब्द मी लोकांना रोज समजावून सांगते, त्यामुळे भुताखेतांवर विश्वास वगैरे... अजिबात नाही. तरीही हे लिहितेय.

तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत कोंढ्याला घरी आले होते. माझी आत्या आमच्याकडेच राहायची. तिची एकुलती एक मुलगी सुमन तापानं दोन दिवसांत गेली आणि त्यानंतर दीड वर्ष आत्या एक शब्द बोलली नव्हती. दुपारी मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, भिंतीला टेकून बसायची. मीही तिच्याजवळ जाऊन बसायचे. आधी खूप बडबड केली, मग माझीच मला लाज वाटली... नंतर नुसती बसू लागले.

एक दिवस मी सकाळीच अड्याळला गेले होते. दोनच्या सुमारास परतले, तर आत्या सपरीत नेहमीच्या जागी. मी शेजारी टेकले आणि ती चक्क बोलू लागली! सुमनचं लहानपण, तिचे हट्ट, तिचं पोहणं... हसली, रडली. शेवटी म्हणाली, "एकदा तलावावरून फ्रॉकच्या ओच्यात शिंगाडे भरून आणले तिनं. मले वाटलं, चोरून आणले. मंग मी..."

तेवढ्यात घराच्या पुढच्या बाजूनं मायची हाक आली. मी धावतच गेले.

"माय, आत्या बोलली!"

"येडी झाली काय व? तुझे बाबा सकाळीच तिले घेऊन भंडाऱ्याले गेले, डॉक्टरकडं."

मी मागे पळाले. सपरी रिकामी होती.

संध्याकाळी दोघं बसमधून उतरून घरी आले. आत्या सरळ माझ्यापाशी आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "मंग मी तिले मारलं, पोरी. मले बरं नव्हतं म्हणून माह्यासाठी आणले होते तिनं."

दीड वर्षातले तिचे पहिले शब्द. बाबा उंबऱ्यातच खाली बसले. नंतर म्हणाले, "दवाखान्यात दुपारभर बाकावर डोळे मिटून बसली होती. ओठ हलून राहिले होते, आवाज नाही."

पुढच्या वर्षी कॉमर्स सोडून मी नागपूरला मानसशास्त्र घेतलं. आजही समोरचा माणूस गप्प असला, तर मी घाई करत नाही. बसून राहते. पुस्तकांतून पुष्कळ शिकले, पण हे आत्याकडून.

माझ्या एका सरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "तुझा डोळा लागला असेल." असेलही... पण वाक्य कुठं तुटलं होतं, ते तिला कसं कळलं?

आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. त्याआधी एकदा मी तिलाच विचारलं होतं, "त्या दुपारी तू नेमकी कुठं होतीस?"

ती वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मले का मालूम व? तू आयकून राहिली होती, मी सांगून राहिली होती."