एकाच्या बदल्यात दोन

"मंगळवार, १४ मार्च १९८९. आज घर सोडायचं. दूध आलं नाही. ट्रक आठला यायचा आहे."

एवढं लिहून ओर्तेन्सियाने डायरी पिशवीत घातली.

नन्सच्या शाळेत तिला ‘पेर्मुतार’ म्हणजे अक्षरांच्या, आकड्यांच्या जागा फिरवणं, असं शिकवलं होतं. हवानाच्या रस्त्यावर त्याचा अर्थ रम देऊन साबण घेणं. दोन मास्तर आपसात शाळा बदलून घेत, तेही पेर्मुतारच. पण नुसतं ‘पेर्मुतार’ म्हटलं की लोक घरच समजत. घर विकायला बंदी. घराच्या बदल्यात घर मात्र चाले.

सुनेशी पटेना, म्हणून नवऱ्यामागं राहिलेलं मोठं घर देऊन दोन लहान घ्यायची ठरली. सारा हिवाळा ओर्तेन्सिया दर शनिवारी गळ्यात पुठ्ठा अडकवून प्रादो या हमरस्त्यावरच्या झाडांखाली उभी राहिली : "एकाच्या बदल्यात दोन." शेवटी जोडी जुळली. एकाच इमारतीत तळमजल्यावर अंगण असलेली खोली तिला, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या मुलाला. तिचे गुडघे गेलेले होते.

ट्रक नव्या दारात थांबला. हमालांनी तिचा पलंग उतरवला, तशी सून मारित्सा पुढे झाली.

"तो वर न्या. खालची खोली आमची."

"कोण म्हणतं?"

मुलगा रोहेलिओ दोऱ्या सोडत होता. "आई, मारित्साला सहावा महिना लागलाय. पोटुशी बाई चार मजले चढणार का?"

"आणि मी?"

"तू कुठं रोज बाहेर जातेस?"

"पोर चालायला लागलं की मी खाली येऊ?"

"तेव्हा बघू."

"तेव्हा मला खाली आणायला चौघं लागतील."

"आई, लोक ऐकतायत!"

"ऐकू देत. त्यांच्याही आया आहेत."

हमालाने पलंग जमिनीवर टेकवला. "बाई, लवकर बोला. कुठं नेऊ?"

मारित्सा पोटावर हात ठेवून दारात उभी होती. तिच्याशी भांडावं, तर पोटातल्या जिवाशी भांडल्यासारखं झालं असतं. मारित्साला ते पक्कं ठाऊक होतं.

"वर न्या," ओर्तेन्सिया म्हणाली. मुलाने धरायला हात पुढे केला. तिने कठडा धरला. दुसऱ्या मजल्यावर ती बसली. रोहेलिओ तिची खुर्ची घेऊन तिच्या अंगावरून पुढे गेला.

संध्याकाळी तिने लिहिलं : "चौथ्या मजल्यावर नळाला पाणी चढत नाही. घेवडा भिजत घातला नाही."