आईची पस्तीस मिनिटं

माझी नोकरी प्लॅनिंगची आहे. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनतात, आणि कुठल्या मशिनवर कधी काय चढवायचं, ते किती वेळात उतरलं पाहिजे, हे मी ठरवतो. या सवयीचा घरी त्रास होतो असं बायकोचं म्हणणं आहे. कुणाच्या लग्नाला जायचं असलं तरी मी वेळ उलटी मांडत येतो. अक्षता साडेबाराला, म्हणजे चौकातली गर्दी धरून घरातून साडेदहाला, म्हणजे सगळ्यांच्या आंघोळी नऊच्या आत. बायको म्हणते, तुम्हाला माणूस दिसायच्या आधी त्याची मिनिटं दिसतात. बरोबर आहे तिचं, पण मी ते तिच्यासमोर कबूल करत नाही.

त्यामुळे त्या राजवाड्याची वेबसाइट उघडली तेव्हा मला अगदी घरच्यासारखं वाटलं. दर अर्ध्या तासाला पंचवीस जणांची एक बॅच, बरोबर गाइड, पूर्ण फेरी सत्तर मिनिटांची. पंधरा मिनिटं आधी हजर राहावे, उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाही. राजे गेले, संस्थान गेलं, आणि वाडा आता आमच्या लाइनसारखा चालतो हे वाचून मी खूश झालो. गुरुवार आमच्या सुट्टीचा दिवस. गुरुवारची अकराची, दिवसातली पहिलीच बॅच मी दोन महिने आधी धरून ठेवली.

राजवाडा आईसाठी होता. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते. वर्षातून एकदा कंपनी कामगारांची सहकुटुंब सहल काढायची. मी वर्षाचा असताना ती सहल या राजवाड्याला गेली. दारात पोचलो आणि म्हणे मी भोकाड पसरलं. आत आरसे, झुंबरं, शांतता पाळा अशा पाट्या. रडतं पोर आत कोण नेणार? आई मला घेऊन बाहेर थांबली आणि दोन बसगाड्या भरून आलेली माणसं वाडा बघून आली.

ही गोष्ट दादांनी मला जन्मभर ऐकवली. घरी पाहुणे आले, चहा झाला, की हिची पाळी ठरलेली. "या पठ्ठ्यानं आईचा राजवाडा बुडवला राव," असं म्हणून ते माझ्या पाठीत धपाटा घालायचे. सगळे हसायचे, आई हसायची, मीही हसायचो. पण मला ते लागायचं. शाळेत असताना तर मी मनात ठरवूनच टाकलं होतं की नोकरी लागली की पहिल्यांदा आईला राजवाडा दाखवायचा. नोकरी लागून बावीस वर्षं झाली. मधे मोशीला फ्लॅट झाला, मुलं झाली, दादा गेले. ठरवलेलं तसंच राहिलं.

मग आईच्या गुडघ्यांनी माझी वेळ मांडली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, वाट्या पार झिजल्यात, बदलाव्या लागतील. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन यांना झेपणार नाही. "जे काय चालायचंय ते या वर्षात चालून घ्या आजी," असं ते सहज बोलून गेले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी बाहेर आलो आणि औषधांच्या दुकानासमोर उभा राहूनच तिकिटं शोधायला लागलो.

त्या संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. मी म्हणालो, "आई, राजवाडा बघायला जायचं."

"कशाला रं?"

"तुझा राहिलाय ना."

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं, जाऊ की," म्हणाली आणि परत मेथीकडे वळली. मी समजलो, आनंद झाला पण दाखवत नाही. चाकणजवळच्या खेड्यातली बाई, आनंद झाला तरी भाजी निवडूनच तो साजरा करणार.

कुठलाही नवा पार्ट लाइनवर घेण्याआधी आम्ही ट्रायल घेतो. तशी मी आईची ट्रायल लावली. रोज संध्याकाळी साडेसहाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या, माझ्या हातात मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच. त्याआधी मी नऊच्या आत कधी घरी दिसलो नव्हतो. शिफ्ट कधीच सुटलेली असायची, पण मीटिंग, उद्याचा प्लॅन, परवाचा प्लॅन, काही ना काही निघायचं. आता मी पाचच्या बसला पहिला चढायला लागलो. साहेबांनी एकदा विचारलं तेव्हा सांगितलं, घरी ट्रायल चालू आहे. त्यांना वाटलं मी बाजूला काहीतरी धंदा काढतोय.

पहिल्या दिवशी आई बारा मिनिटांत खांबाला धरून उभी राहिली. वॉचमननं आपली खुर्ची आणून दिली. तिसऱ्या दिवसापासून ती खुर्ची साडेसहाला आपोआप तिथं असायची. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून ओरडून विचारायच्या, "आज किती झाली?" आणि मी आकडा सांगायचो. बायको मुलांना म्हणायची, तुमच्या बाबांनी आजीला असेंब्ली लाइनवर चढवलंय.

चालताना आई बोलायची. तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल, त्या विहिरीत पडलेल्या पितळी कळशीबद्दल, ती काढायला आलेल्या आणि दोन भाकऱ्या खाऊन हात हलवत गेलेल्या पाणबुड्याबद्दल. मी तिला म्हणायचो, "आई, चालताना बोलू नकोस, दम लागतो, माझी वेळ बिघडते." ती दोन खांब गप्प चालायची आणि तिसऱ्याला परत सुरू व्हायची. त्या कळशीचं पुढं काय झालं ते मी कधी ऐकलंच नाही. सात आठवड्यांनी आई सलग पस्तीस मिनिटं चालली, म्हणजे फेरीची बरोबर निम्मी; मधे कुठं बसायला मिळालं की झालं. मी तिला तिथंच, पार्किंगमध्ये, मिठी मारली. बेचाळीस वर्षांचा माणूस आईला पार्किंगमध्ये मिठी मारतो म्हणून काकूंनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या.

मग मी राजवाड्याच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या. पायऱ्या किती आहेत असं मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या की आजवर कुणी विचारलं नाही, थांबा. आणि त्या खरंच मोजायला गेल्या. फोन टेबलावर तसाच, मला पंखा ऐकू येत होता. परत आल्या तेव्हा त्यांनाच दम लागला होता. "सत्तावन्न आहेत, पण एकदम नाहीत. दरबाराच्या दारात एक बाक आहे. तो लोकांसाठी नाही, पण तुमच्या आईंना बसू द्यायला सांगते मी." देव भलं करो त्या बाईंचं. मी कागदावर सगळं मांडलं. पहिला चौक आणि शस्त्रांचं दालन वीस मिनिटं, मग दरबार, बाकावर आठ मिनिटं बसणं, मग आरसेमहाल. बायकोनं तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं, 'श्वास: वेळ मिळाल्यास'.

त्या गुरुवारी आम्ही दोघंच पहाटे निघालो. घाटात ट्रक अडकला तर म्हणून अर्धा तास जास्तीचा, नाष्ट्याला पाव, टायर पंक्चर झाला तर म्हणून पाव. घाट मोकळा, टायर धडधाकट, आणि नाष्टा आईनं गाडीतच दशम्या सोडून उरकला. पावणेदहालाच आम्ही दारात. आईला गेटपाशी उतरवलं, "सावलीत बस," म्हणालो आणि गाडी लावायला गेलो. गाडी लावायची जागा तळ्याच्या पलीकडे होती. परत येईपर्यंत सव्वादहा वाजले होते.

आई बसली नव्हती. तिकिटाच्या बंद खिडकीसमोर ती रांगेत उभी होती, पहिली. तिच्या मागे एक बाई, त्या बाईच्या मागे कुणी नाही.

"आई, आपलं तिकीट अकराचं आहे. आधी उभं राहून काही मिळत नाही."

"असू दे. नंबर जाईल. तुझं दादा म्हनायचं, गेटावर आधी पोचलेल्याला कुनी बोलत न्हाई."

दादा पस्तीस वर्षं भोंगा वाजायच्या वीस मिनिटं आधी गेटवर उभे राहिले. लेट पंचिंग हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा. आईला मी ओढून बाजूला बसवायला हवं होतं. पण खरं सांगतो, रांगेत आपला पहिला नंबर बघून मलाही बरं वाटलं. मीही तिच्या शेजारी उभा राहिलो. आम्ही दोघं अकरापर्यंत तसेच उभे होतो, आणि आमच्या मागे रांग लांबत गेली तसतसे जास्तच ताठ.

चूक काय झाली ते मला नंतर कळलं, आणि ती माझ्या धंद्यातल्याच माणसाकडून होऊ शकते. आम्ही काम मोजतो. चालणं, उचलणं, वळणं, बसवणं, सगळ्याची मिनिटं आमच्याकडे असतात. माणूस नुसता उभा असला तर ते आमच्या लेखी काम नव्हे, ते कागदावर येतच नाही. दोन महिने मी आईचं चालणं मोजलं. तिचं उभं राहणं एकदाही मोजलं नव्हतं. मी तळ्याकडे गेलो ती वेळ धरून तासाहून जास्त तिनं बंद खिडकीसमोर काढला होता.

अकराला दार उघडलं. गाइड एक चुणचुणीत मुलगी होती, कमरेला स्पीकर बांधलेला. पहिला चौक झाला, शस्त्रांचं दालन झालं. आई सगळं नीट बघत होती. चांदीच्या पालखीपाशी थांबून म्हणाली, "आत बसून आखडत आसंल बाई." मी कागद काढला. आम्ही एक मिनिट पुढे होतो.

दरबाराच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या. चौथ्या पायरीवर आईनं कठडा धरला. तिचा ओठ दाबलेला होता आणि पाय थरथरत होता, लुगड्याच्या काठावरून कळत होतं. "न्हाई व्हायचं आता," म्हणाली. मी म्हणालो, वरती बाक आहे, पंधराच पायऱ्या.  तिनं एक पाय उचलून बघितला आणि परत खाली ठेवला.

गाइड खाली आली. चांगली मुलगी, पण वर तेवीस जण थांबलेले. म्हणाली, "आजी, तुम्ही चौकात बसा, कुणी उठवणार नाही. काका, तुम्ही तरी या."

"जा तू," आई म्हणाली. मी गेलो नाही. तिला धरून चौकात आणलं. तिथं चाफ्याला दगडी पार होता, त्यावर बसवलं आणि शेजारी बसलो. वरून स्पीकर ऐकू येत होता, झुंबर कुठून आणलं ते सांगत होता. माझे डोळे भरून आले. मी लपवलं नाही, तेवढी ताकद नव्हती. "परत माझ्यामुळेच राहिला बघ तुझा राजवाडा," मी म्हणालो.

आईनं गुडघ्यावरचा हात काढून माझ्या पाठीवर ठेवला.

"तू रडला न्हवतास," ती म्हणाली.

"कधी?"

"तवा. सहलीला. खांद्यावर गपगार निजला व्हतास. तुझं दादा फुडं गेलं व्हतं, मीच त्यांना सांगून धाडलं, पोरगं रडतंय, मी थांबते भाईर."

मी कागदाची घडी करून खिशात घातली.

"घरात अकरा मानसं व्हती," आई म्हणाली. "लगीन झाल्यापासनं कुनी मला घटकाभर नुसतं बसू दिलं न्हवतं. म्हनलं, समदी आत जात्यात तर जाऊ द्या. तुला मांडीवर घिऊन बसले. कुनी हाक मारीना, कुनी च्या मागंना. तू निजलेला. लई ब्येस वाटलं मला."

"आणि दादांना कधीच सांगितलं नाहीस?"

"काय सांगनार? एवढ्या हौसेनं नेलं व्हतं त्यांनी."

मला राग आला. इतक्या वर्षांचे पाठीतले धपाटे आठवले, आणि त्याहून जास्त, खांबाला धरून उभी राहिलेली आई आठवली. मी आवाज चढवून म्हणालो, "अगं पण मला तरी सांगायचं. गुडघ्यांची ही दशा असताना दोन महिने तुला मी फेऱ्या मारायला लावल्या. त्या मेथीच्या दिवशीच सांगितलं असतंस तर हे काहीच करावं लागलं नसतं."

"व्हय," आई म्हणाली. "सांगितलं आसतं, तर तू रोज सांजच्याला येऊन माझ्यासंगं चालला आसतास का?"

दूध तापवलं का असं विचारावं तशा आवाजात तिनं ते विचारलं. पुढची बॅच चौकात शिरत होती. मला खोटं बोलता आलं असतं, आणि तिनं ते मानूनही घेतलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग झालं तर."

तिच्या बोलण्यात कणभरही तक्रार नव्हती, आणि तेच मला सोसलं नाही.