मुद्देमालातल्या कात्र्या

त्या पांढऱ्या स्पोर्ट्स कारवरचे तांबूस ठिपके अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. मी म्हैसूरला चामराजपुरमकडच्या ठाण्यात फौजदार होतो. दारात साधी मोटार असली तरी मान ताठ होण्याचे ते दिवस. काय दिवस होते!

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी गाडीचे मालक तणतणत आले. "शेजारच्या शिंप्याने कात्रीने रंग टोचलाय. दुकानापुढे गाडी लावतो म्हणून भांडला होता. सगळे ठिपके गंजलेत!" शिंपी कात्र्या घेऊन गाडीपाशी उभा होता, अशी खबऱ्याचीही खबर होती. मी पंचनामा करून कात्र्या जप्त केल्या आणि शिंप्याला ठाण्यात आणलं.

तो पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरला राहिलेल्या घरातला, माळकरी मराठी म्हातारा; बोलण्यात कानडी मिसळलेली, 'मग'ला 'मत्ते' म्हणायचा. अपराधी माणूस आधी स्वतःची सुटका मागतो. याचं भलतंच.

"मला ठेवून घ्या की स्वामी. पण उद्या आयुधपूजा. बिनपूजेच्या कात्रीला वर्षभर हात कसा लावू, सांगा मत्ते?"

"गाडीपाशी कशाला गेला होतात?"

"धार लावायला की हो! धारवाल्याने तिथंच चाक मांडलं होतं."

"धार लावल्याने शेजारची गाडी गंजते होय?" मी दरडावलं. सकाळी हजर व्हायला सांगून त्याला घरी पाठवलं.

त्याच दुपारी तोच धारवाला ठाण्यात आला. पूजेसाठी ठाण्याच्या मेसमधले कोयते, सुऱ्या चाकावर चढल्या, ठिणग्या उडाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो चाकाजवळच्या पांढऱ्या पिंपावर दव, आणि दवात तसेच तांबूस ठिपके!

टाचण्या वेचायचं शिंप्याचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून मी मालकांसमोर गाडीवरून फिरवलं. रुमालाला बारीक लोखंडी कण चिकटले. ठिणग्यांबरोबर उडून तसलेच कण रंगात रुतले होते आणि दवाने गंजले होते.

"म्हणजे माझ्याच कात्र्यांनी केलं की!" म्हातारा रडवेला झाला. मालकांनी त्याचा हात धरला. "राहू द्या हो. गाडी मी पलीकडे लावतो."

पण कात्र्या मुद्देमालात होत्या. सोडायला कोर्टाचा हुकूम हवा, आणि कोर्टाला दसऱ्याची सुट्टी. मग ठाण्याच्या पूजेत रायफलींच्या रांगेतच त्या मांडल्या. म्हाताऱ्याने फुलं वाहिली.

हत्यार सापडलं म्हणजे गुन्हेगार सापडला असं नाही, हे मी तिथे शिकलो. आता निवृत्त आहे, पूजेला बंदूक नाही. नवमीला बायकोची कात्री पाटावर ठेवतो आणि पहिलं फूल तिलाच वाहतो.