चरकाच्या सुरावर केलेला रियाज

आमच्या भजनी मंडळात पंधरा वर्षं मी टाळ वाजवत आलो. गाणं आप्पांकडं. आप्पा म्हणजे मंडळाचे प्रमुख. वय सत्तर, आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. पण पेटी त्यांच्या घरची, त्यामुळं गळाही त्यांचाच चालायचा. एकदा मी धीर करून विचारलं, "आप्पा, एकादशीला एखादा अभंग मी म्हणू का?" पानाला चुना लावता लावता, वर न बघता ते म्हणाले, "तुझा आवाज टाळालाच बरा हाय."

हे मला झोंबलं. त्याच आठवड्यात शिरूरच्या एका संगीत विद्यालयाचा मेसेज फिरत फिरत माझ्या फोनवर आला. मोठ्या माणसांसाठी गाण्याचा वर्ग, पण प्रवेश ऑडिशन घेऊनच. मी तो मंडळासमोर मोठ्यानं वाचला आणि बोलून बसलो, "तिथं पास झालो तर त्यानंतरच्या एकादशीचा पहिला अभंग माझा."

"चालंल," आप्पा म्हणाले. "आन् नापास झालास तर जन्मात गायचं नाव काढायचं न्हाई."

दहा माणसांनी ऐकलं. माघार घ्यायची सोय उरली नाही.

घरात रियाज जमेना. पहिल्याच सकाळी मी 'सा' लावला आणि बायको गोठ्यातून बाहेर आली. "अवो, म्हशीनं पान्हा चोरला. तिचं उरकू द्या, मग काय वरडायचं ते वरडा." फोनवर तंबोऱ्याचं फुकटचं ॲप घेतलं, तर सूर जरा लागतोय तोच मधे गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. तेव्हा माझ्या सुपीक डोक्यात आलं, की वरवंडजवळ आपलं स्वतःचं गुऱ्हाळ आहे. तिथला ऊस गाळायचा चरक दिवसभर एका सुरात घुमतो. असला तंबोरा कुठल्या पंडिताच्या बापानं पाहिला असेल?

दीड महिना, रोज सकाळी सहापासून, चरकाशेजारी पोत्यावर बसून मी गायलो. चरकात ऊस घालणारा उत्तर प्रदेशातला कामगार, माझ्याच वयाचा, हा माझा एकुलता एक श्रोता. "सुर एकदम मिल रहा है, मालिक," तो म्हणायचा. एवढ्या एका वाक्यावर मी इतका फुगलो, की केडगावच्या बाजारात भेटेल त्याला गळा कसा जपावा याचे सल्ले देऊ लागलो. गोड खाऊ नका, म्हणायचो. गुऱ्हाळाचा मालक.

ऑडिशनच्या दिवशी इस्त्रीचा झब्बा घालून चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे मोटरसायकलनं शिरूर गाठलं. परीक्षा घेणाऱ्या मॅडम पंचविशीच्या. ही पोर माझं काय ऐकणार, असं मनात म्हणत मी मांडी घातली. त्यांनी तंबोऱ्याचं छोटं यंत्र लावलं, मी अभंग सुरू केला. मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं, विरघळल्या.

"काका, पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हटला. मग तिसऱ्यांदा.

"दर वेळी ध्रुवपद आलं की तुम्ही खाली उतरता," मॅडम म्हणाल्या. "आणि नंतर बरोबर जागेवर परत येता. बेसूर माणूस कुठंही घसरतो. तुम्ही ठरलेल्या जागी, ठरलेलं तेवढंच घसरता. रियाज कशावर करता?"

"चरकावर."

"कशावर?"

मग सगळं सांगावं लागलं, आणि सांगता सांगता माझ्याच डोक्यात उजेड पडला. त्या कामगाराला माझं ध्रुवपद पाठ झालं होतं. ते आलं की तो खुशीत येऊन उसाची मोळी चरकात लोटायचा. मोळी गेली की मोटर दबायची, सूर खाली बसायचा, ऊस चिरडून झाला की पुन्हा वर यायचा. आणि मी आज्ञाधारक विद्यार्थी, दीड महिना मोटरीबरोबर दबत होतो. सूर मिळतोय म्हणणारा तो बिचारा खोटं बोलतच नव्हता.

"कान चांगला आहे तुमचा," मॅडम हसू दाबत म्हणाल्या. "पण यंदा प्रवेश नाही देता येणार. सहा महिने तंबोऱ्यावर बसा, मग बघू."

एकादशीला देवळात मी पायरी चढतोय तोवर आप्पांनी विचारलं, "काय झालं रं?"

थाप मारायचा मोह झाला, पण शिरूर काही फार लांब नाही. "नापास," म्हणालो. "पण मॅडम म्हणाल्या, कान चांगला हाय."

"मंग बस आन् ऐक."

बसलो. आप्पांनी पहिला अभंग धरला. दुसऱ्या कडव्याला ते चांगले अर्धा सूर खाली आले, तिसऱ्याला आणखी. त्यांच्याकडं तर मोटरही नव्हती. मंडळ डोळे मिटून डोलत होतं. पंधरा वर्षं मीही असाच डोललो होतो. बोलायची सोय नव्हती, गाण्याचं नाव काढणार नाही असा शब्द दिला होता.

घरी येऊन बायकोला तेवढं सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, "म्हंजी गाता येत न्हाई ते न्हाईच, आता ऐकायचं सुखबी गेलं तुमचं."